ह्याच्यामुळे की ह्यांच्यामुळे

बुधवार, जानेवारी महिना, डॉक्टरांच्या राउंडची वेळ. मुलुंडमधल्या एका हॉस्पिटलातला बायकांचा वॉर्ड, खिडकीकडची खाट.

हजर: मोठे डॉक्टर. त्यांच्याबरोबर स्पीच थेरपिस्ट, वयाने माझ्या मुलीएवढी. माझी मुलगी केतकी, रजा टाकून आलेली. माझी नणंद शोभाताई, भांडुपहून पेजेचा डबा घेऊन. माझे यजमान, डावं मनगट प्लास्टरमध्ये, खाटेच्या पायथ्याशी उभे. आणि मी, उशीला टेकून.

एका वर्कशॉपचं स्टोअर मी सांभाळते. काहीही लिहायचं तर आधी तारीख आणि हजेरी, ही तिथली सवय. डोक्याला मार बसून ज्यांचे शब्द गेले आहेत, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहिते आहे. म्हणून सुरुवात निदान झालं त्या दिवसापासून.

थेरपिस्टने एक चित्र समोर धरलं. "काकू, हे काय आहे?"

ते काय आहे ते मला माहीत होतं. केस विंचरायचं. त्याला दात असतात. माझं निळं आहे, आरशाखालच्या खणात असतं. फक्त नाव नव्हतं. रॅक जागेवर, खण जागेवर, आत मालही आहे, पण खणावरची चिठ्ठी कोरी. असं मला स्टोअरमध्ये कधी झालं नव्हतं.

"हे," मी म्हणाले. "हे... केसांचं."

दुसरं चित्र. "हे... दाराचं." तिसरं चित्र. नुसतंच "हे".

केतकीने माझा हात धरला होता. तिचा हात गार पडत गेलेला मला कळला. थेरपिस्टने चित्रं खाली ठेवली आणि सहज ह्यांच्याकडे बोट केलं. "आणि हे कोण?"

"हे," मी म्हणाले. "आमचे हे."

वॉर्डमध्ये हसू फुटलं. आजूबाजूच्या खाटांवरच्या बायकाही हसल्या.

"नाव सांगा ना, काकू."

"अगो बाय, ती कधी नाव घेता काय!" शोभाताई म्हणाल्या. "लग्न झाल्यापास्ना अहो नि हे, बस. माका इचार, सुरेश म्हणान नाव आसा त्याचा."

थेरपिस्टही हसली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली. मीसुद्धा हसले. ह्यांच्या नावाचा खणही कोरा होता, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. शोभाताईंनी नाव सांगितलं, ते मी ऐकलं, आणि पुढच्या क्षणी ते पुन्हा नव्हतं.

मोठे डॉक्टर म्हणाले, "मेंदूत जिथे शब्द असतात त्या भागाला मार बसलाय. समज शाबूत आहे. शब्द परत येतील."

"सगळे?" केतकीने विचारलं.

"ते आज नाही सांगता येणार."

रस्त्यावर

रविवारी दुपारी आम्ही घाटकोपरला भाचीच्या मुलाचं बारसं जेवून परत येत होतो. स्कूटर हे चालवत होते, मी मागे. दोघांच्या डोक्यावर हेल्मेट, पट्टा लावलेला. पट्टा लावल्याशिवाय मी बसतच नाही. त्या पट्ट्यामुळेच मी आज आहे, असं डॉक्टर म्हणाले.

हे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. त्या दिवशी टाक्या धुवायला माणसं आली होती आणि पंप सुरू करायचा की थांबायचं, यावर ग्रुपवर घोळ चालला होता. फोन हँडलजवळच्या स्टँडमध्ये बसवलेला. तो सारखा उजळत होता आणि हे एका हाताने त्याच्यावर बोट फिरवत होते. त्यांच्या खांद्यावरून मला सगळं दिसत होतं. कोणीतरी विचारलं होतं, "सर, सोडू का पाणी?" ह्यांनी उत्तरात अंगठ्याचं चित्र पाठवलं. मान वर केली तेव्हा रस्त्याच्या कामाला लावलेले पत्रे अगदी समोर होते.

एवढंच. ते अंगठ्याचं चित्र मला लख्ख आठवतं. त्यानंतरचं काही नाही.

मागे बसलेल्या माणसाला भीती वाटायलासुद्धा वेळ मिळत नाही. माझी भीती नंतर आली, आणि एकदा आली ती राहायलाच आली.

‘हे’च्या आड

हॉस्पिटलातला दिवस ठरलेला. सकाळी ताप, नाडी, बीपी. डोळ्यांत टॉर्च. "माझा हात दाबा. आता दुसऱ्या हाताने. आज वार कोणता?" मग गोळ्या, मग पेज, मग थेरपिस्ट, मग भेटीची वेळ. रोजचा क्रम ठरलेला असला की माझ्यासारखीला बरं वाटतं. पण दुपारी वॉर्ड शांत झाला की मी मनातल्या मनात स्टोअर उघडायची. पहिल्या रॅकपासून सुरुवात. सहा कोनांचं, आत आटे असलेलं... काय? चपटं, मध्ये भोक असलेलं... काय? लोखंड घासायचं... काय? एकेक खण उघडत जायची आणि एकेक चिठ्ठी कोरी निघायची. शेवटी डोळे मिटून पडून राहायची. दार उघडून कुणी आलं तर झोपेचं सोंग घ्यायची.

भेटायला येणाऱ्यांची जास्त भीती. कोणी मोठ्याने, तुकड्या तुकड्यांनी बोलायचं, जणू मी बहिरी झाले. कोणी मी शब्द शोधत असताना भराभर दहा शब्द पुढे करायचं, आणि माझ्या हाताशी आलेला अकरावा त्या गोंधळात निसटायचा. ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांना सांगते: आवाज चढवू नका, वाक्य पुरं करू नका, थांबा. थांबणं सगळ्यांत कठीण जातं. केतकीला ते जमलं. ती केस विंचरायला बसायची आणि काही बोलायची नाही. वेणी घालून झाली की म्हणायची, "झकास दिसतेस." माझी दिवसातली तेवढीच वेळ बिनधास्त असायची.

आपल्या भाषेत ‘हे’ आणि ‘ते’ यांच्यावर अख्खा दिवस काढता येतो. "हे द्या." "ते तिथे ठेवा." "हे आले का?" बायकांचं तर जास्तच. मी ‘हे’ म्हटलं की घरच्यांना वाटायचं, आई पूर्वीसारखी बोलायला लागली. शोभाताई तर फोनवर सगळ्यांना सांगत होत्या, "वैनीन शुद्धीर इल्या इल्या भावाक वळाखल्यान. हे म्हणाली!" मी त्याच ‘हे’ने भांडंही मागत होते आणि पांघरूणही. कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि मी येऊ दिलं नाही. नवऱ्याचं नाव विसरलेल्या बाईला लोक काय म्हणतील, ही भीती. वेडी म्हणतील. नोकरीवर घेणार नाहीत. रात्र झाली की केतकी घरी जायची आणि ती भीती माझ्याबरोबर खाटेवर राहायची.

जबाब

अपघात होता, म्हणून पोलिसांत नोंद झालेली. एका भेटीच्या वेळी हवालदार आले, सभ्य माणूस, टोपी काखेत धरून. त्यांनी आधी ह्यांना विचारलं.

"कुत्रा आडवा आला," हे म्हणाले. "अचानक. मी वाचवायला गेलो."

मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं की तिथे कुत्रा होता.

आधी वाटलं, माझंच काही गेलंय. जसे शब्द गेले तसा कुत्राही गेला असेल डोक्यातून. फार घाबरले. मग ह्यांच्याकडे पाहिलं. हे हवालदारांच्या पेनाकडे बघत होते, माझ्याकडे नाही. तेव्हा कळलं की माझं काही गेलेलं नाही.

"ताई, तुम्हाला काही आठवतं?" हवालदारांनी विचारलं. "कशामुळे झालं?"

ह्यांचा फोन शर्टाच्या खिशात होता. त्याच वेळी तो उजळला. कापडातून उजेड दिसला. मी बोट केलं. जीव एकवटून म्हणाले, "ह्याच्यामुळे."

मी ‘ह्याच्यामुळे’च म्हणाले. त्यात अनुस्वार नव्हता. पण माझं बोट होतं ह्यांच्या छातीकडे, जीभ जड होती, आणि शोभाताईंना जे ऐकायचं होतं ते त्यांनी ऐकलं.

"आयकलास, सुरेश? म्हणता, ह्यांच्यामुळे! ह्यांच्यामुळे वाचलंय म्हणता!" आणि त्या पदराने डोळे पुसायला लागल्या. केतकीने बाबाला मिठी मारली. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी हात जोडले. हवालदारसुद्धा हसले.

मी मान हलवत होते, नाही, नाही. "हे... हे!" मी पुन्हा खिशाकडे बोट केलं.

"हो गं आई, बाबा इथेच आहे. कुठे जात नाही."

एका अनुस्वारात माझी साक्ष उलटी झाली होती आणि ती सुलटी करायला माझ्याकडे एकही नाम नव्हतं. मला श्वास लागला, सिस्टरने सगळ्यांना बाहेर काढलं. "पेशंट नीट बोलायला लागल्या की त्यांचा जबाब घेऊ," असं हवालदार दारात म्हणाले.

खोलीत एकाच माणसाने मला बरोबर ऐकलं होतं. हे मागे वळले नाहीत, पण जाता जाता त्यांनी खिशातला फोन काढून बंद केला.

नाव

शनिवारी बारशाच्या घरच्या बायका भेटायला आल्या. थोडी चेष्टा व्हावी, मला हुरूप यावा, म्हणून शोभाताई म्हणाल्या, "वैनी, लग्नातलो उखाणो आठवता? नाव घे बघूया."

थेरपिस्टने सांगितलं होतं की पाठ झालेली गाणी, श्लोक, पाढे हे वेगळ्या ठिकाणी असतात, ते बरेचदा शाबूत राहतात. मी तोंड उघडलं आणि खरंच, तो आपोआप यायला लागला.

"किनाऱ्यावर लाट आली, ओली झाली वाळू..."

बायका टाळ्या पिटायला लागल्या. लाट, वाळू, किनारा. किती दिवसांनी नामं तोंडात आली होती! मी पुढे गेले.

"...रावांचं नाव घेते, आता नका छळू."

मग हास्याचा नुसता स्फोट.

"लबाड! नाव गाळलंन!"

"अजून लाजते बघा, सासू व्हायची वेळ आली तरी!"

त्या हसण्यात मीही हसल्यासारखं केलं. सबंध उखाणा आला, आणि नेमका नावाचा खण रिकामा ठेवून आला. म्हणजे ते कायमचंच गेलं असणार.

हे दारात उभे होते. ते हसले नव्हते.

बायका गेल्यावर ते स्टूल ओढून जवळ बसले. "नीला, तुला माझं नाव येत नाहीये. हो ना?"

मी भिंतीकडे तोंड केलं.

"किती दिवस?"

त्यांनी माझा हात प्लास्टरवर ठेवून घेतला आणि हळूच म्हणाले, "सुरेश. म्हण. सु-रेश."

लग्नाला सव्वीस वर्षं झाली, त्यात एकदाही मी त्यांना असं नावाने हाक मारली नव्हती. आता ते स्वतः मला स्वतःचं नाव शिकवत होते, बालवाडीतल्या मुलाला शिकवावं तसं. मला लाज वाटली, हसू आलं, आणि रडूही.

"सु..." मी म्हणाले.

"रेश."

"सुरेश."

परक्या माणसाला हाक मारल्यासारखं वाटलं. पुन्हा म्हणाले. दुसऱ्या दिवशी उठल्यावर ते होतं. खणावर चिठ्ठी लागली होती. तोवरच्या सगळ्या दिवसांत मला भीती न वाटता जाग आली ती तेव्हा पहिल्यांदा.

घरभर चिठ्ठ्या

घरी आले तेव्हा केतकी आणि हे दोघांनी मिळून वस्तूंवर चिठ्ठ्या चिकटवून ठेवल्या होत्या. सांडशी. गाळणं. कुकर. किसणी. दार, कडी, आरसा. आरशाखालच्या खणात निळा कंगवा, त्यावरही चिठ्ठी. मी रोज सकाळी हिंडून वाचायची आणि दुपारी चिठ्ठी झाकून म्हणायची. शब्द येत गेले. स्वयंपाकघरातले आधी आले, मग घरातले. वर्कशॉपमधून एका सहकाऱ्याने पिशवीभर माल पाठवला. नट, वॉशर, पाना, कानस. ते टेबलावर मांडून बसायची. कानस आली त्या दिवशी मी ती हातातून सोडलीच नाही.

एका वस्तूवर चिठ्ठी नव्हती. ती चार्जिंगला दिवाणखान्यात असायची. ह्यांनी ती वगळली होती की केतकीला सुचलं नव्हतं, मला माहीत नाही.

त्याच सुमारास सोसायटीच्या ग्रुपवर ठरत होतं की सेक्रेटरीसाहेबांवर असा प्रसंग आला, तर आता कुत्र्यांचा बंदोबस्त करायलाच हवा. आमच्या गेटवर मोती नावाचा म्हातारा कुत्रा आहे, त्याला आधी हलवायचं. सगळ्यांचे अंगठे आले होते. फक्त ह्यांचा यायचा होता.

हे फोन हातात धरून बसले होते. मी कोरी चिठ्ठी आणि पेन घेऊन समोर जाऊन बसले. फोनकडे बोट केलं. "ह्याच्यावर... नाव."

त्यांनी फोन खाली ठेवला.

"कुत्रा नव्हता," ते म्हणाले.

"नव्हता," मी म्हणाले.

"लोकांनी विचारलं गं, आणि तोंडातून निघून गेलं. मग तू बोलेनाशी झालीस. मग ते मागे घ्यायला मला..." त्यांचा आवाज फुटला. "तू वॉर्डात ‘ह्याच्यामुळे’ म्हणालीस, मी ऐकलं होतं. रोज वाटायचं, आज हिला शब्द येईल. आणि रोज वाटायचं, येऊ नये. बायकोला शब्द येऊ नये असं वाटायचं मला, नीला."

माझ्याजवळ रागाचे शब्द तेव्हा फार नव्हते. जे होते ते मी वापरले. ते इथे लिहीत नाही.

संध्याकाळी त्यांनी केतकीला सांगितलं. ती उभीच होती, बॅग खांद्यावर.

"बाबा, मी त्या कुत्र्याबद्दल अख्ख्या ऑफिसला सांगितलंय," ती म्हणाली. "मी त्या कुत्र्याला शिव्या घातल्यात, यार." आणि आत गेली. तेव्हापासून बाबाशी जेवढ्यास तेवढं बोलते. घरात आता शब्द दोघींकडे कमी आहेत.

मोती गेटवरच आहे. हेच ग्रुपवर नाही म्हणाले. का, ते त्यांनी तिथे अजून लिहिलेलं नाही.

रिक्षा

डॉक्टरांनी लिहून दिलं की पेशंट आता बोलू शकते. दोघांनी जाऊन जबाब द्यायचा ठरलं. मी वाक्य पाठ केलं: सुरेश फोन बघत होते, कुत्रा नव्हता. घरात वीस वेळा म्हटलं, वीस वेळा आलं.

रिक्षा केली. अपघातानंतर चाकाच्या कुठल्याही गाडीत बसले की मी दांडी घट्ट धरते. सिग्नल सुटला आणि रिक्षावाल्याने हँडलजवळ लावलेल्या फोनवर बोटाने काहीतरी सुरू केलं. माणसं हसत होती, नाचत होती. तो एक डोळा त्यात ठेवून चालवत होता. समोर बस होती.

मी म्हणायला गेले, फोन ठेवा. शब्द नव्हता. सकाळी वीस वेळा आलेला शब्द, खण उघडला तर रिकामा.

"हे... हे ठेवा! हे!"

"काय झालं, मॅडम?" त्याने मान मागे वळवली. मी डोळे घट्ट मिटले.

"भाऊ, फोन बंद कर," हे म्हणाले.

"काय नाय होत हो, रोजचंच आहे आपलं."

"माझंपण रोजचंच होतं," हे म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू येईना. "असाच बघत होतो. ही मागे बसली होती. आता हिला फोन म्हणता येत नाहीये, ऐकलंस ना? थांबव. बाजूला घे."

त्याने बाजूला घेतली. फोन उपडा केला. आमच्याकडे पाहिलं नाही. आम्ही उतरलो.

पोलीस ठाणं समोरच्या फुटपाथला लागूनच होतं. आत जाण्याआधी कट्ट्यावर बसलो.

"म्हण," हे म्हणाले. "सुरेश..."

"सुरेश."

"फोन."

ओठ मिटले, दात ओठावर आले, आणि पुढे काहीच नाही.

"फो-न," ते म्हणाले. नाव शिकवलं होतं तसंच. स्वतःच्या विरुद्धचा शब्द ते मला शिकवत होते. "फोन. म्हण गं. माझ्यासाठी म्हण."

नाही आला. शेवटी ते एकटेच आत गेले. बाहेर आले तेव्हा म्हणाले, हवालदारांचं म्हणणं, ताईंना बोलता येऊ दे, दोघांचे जबाब एकदमच घेतो. आम्ही चालत घरी आलो.

त्या संध्याकाळी मी फोनवर चिठ्ठी लावली. मोठ्या अक्षरात. घरात तो शब्द रोज येतो. रिक्षात बसलं की जातो. आम्ही रोज नाक्यापर्यंत रिक्षाने जाऊन सराव करतो, मी दांडी धरून, हे शेजारी.

जबाब द्यायचा राहिलाय. तोवर पोलिसांच्या कागदावर कुत्रा आडवा उभा आहे.